मरावं तर शिवमूर्तीनं

'मरावं तर शिवमूर्तीनं,' असं कोल्हापूरच्या स्टुडिओत एकेकाळी म्हणायचे, आणि कौतुकानं म्हणायचे. मरायचं म्हणजे काय, डोळे मिटून पडायचं, त्यात कसली कला, असं ज्याला वाटत असेल त्यानं भर दुपारी तापलेल्या दिव्यांखाली नाकात कापूस घालून तिरडीवर एकदा पडून बघावं. माशी नेमकी तेव्हाच येते. ओठावर बसते, तिथून नाकाच्या शेंड्यावर जाते, आणि वर नायिका छातीवर डोकं आपटून रडत असते. भलेभले अशा वेळी पापणी हलवतात. शिवमूर्ती नेसरीकर हलवत नसे. श्वास तर असा चोरायचा की रडणाऱ्या बाईलाच मध्येच शंका यायची आणि तिचं रडणं खरं व्हायचं.

गडी मूळचा नेसरीचा. गडहिंग्लजला वडिलांचं किराणा दुकान होतं, पण ह्याचं लक्ष तराजूत कमी आणि गणपतीतल्या नाटकात जास्त. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास तो कोल्हापूरला आला आणि हंबीरराव नावाच्या दिग्दर्शकाच्या दारात जाऊन उभा राहिला. हंबीररावांनी त्याला नायकाच्या बापाचं काम दिलं. बाप दहाव्या मिनिटाला मरायचा. शिवमूर्ती इतका सुरेख मेला, की पुढच्या चित्रपटात हंबीररावांनी त्याला पुन्हा मारला. मग बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. कुणी सापाकडून मारला, कुणी सावकाराच्या गुंडांकडून, कुणी नुसता खोकवून खोकवून मारला. नव्वदच्या दशकात सासुरवाशिणींच्या रडक्या चित्रपटांची लाट आली तेव्हा तर चंगळच झाली. सासुरवाशिणीला बाप असून चालत नाही. आमच्या शिवमूर्तीला श्वास घ्यायला सवड उरली नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आवाज त्याला चांगला होता. हसवायलाही यायचं. पण ते दाखवायला माणूस चित्रपटात टिकावा तर लागतो! इतकी वर्षं चित्रपटात काढून ह्या माणसानं मध्यंतर म्हणून कधी बघितलं नाही.

याची खंत त्याला होती, पण फार नव्हती. खरी खंत दुसरीच होती. त्याच्या मरणावर अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायकांनी पदर भिजवले, पण त्याच्या बायकोनं त्याचं एकही काम पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे एक पाहिलं होतं. पहिलंच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मल्लव्वा सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली, मराठी अजून अडखळत बोलायची. गडहिंग्लजच्या टॉकीजला चित्रपट लागला म्हणून सगळं घरदार नवी लुगडी नेसून गेलं. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. दहाव्या मिनिटाला पडद्यावर तिच्या नवऱ्याला तिरडीवर बांधला, पडद्यावरच्या बायकोनं बांगड्या फोडल्या, आणि नायकानं चितेला अग्नी दिला. मल्लव्वा किंचाळत उठली आणि अनवाणीच बाहेर पळाली. बाहेर शिवमूर्ती सोडा पीत उभा होता, कारण स्वतःचं काम बघायला त्याला लाज वाटत होती. तिनं भर रस्त्यात त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग जी रडायला लागली ती थांबेचना.

"आपल्यात जाळत न्हाईत की!" ती हुंदक्यातून म्हणत होती. "आपल्यात बसवून पुरत्यात! ह्यांनी तुमास्नी जाळलं!"

लिंगायताच्या पोरीचं हे दुःख टॉकीजच्या डोअरकीपरला काही कळलं नाही. शिवमूर्तीला कळलं. आठ दिवसांत विसरेल, असं त्यानं धरलं. पण त्या दिवसापासून तिनं जे टॉकीजकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. पुढं कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या गल्लीत बिऱ्हाड झालं, मुलं झाली, मुली नांदायला गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तरी मल्लव्वाचं एकच होतं, "तुमी मरतासा. मी न्हाय बघणार." दरवेळी नवीन चित्रपट घेतला की तो घरी येऊन सांगायचा, आणि दरवेळी ती एकच विचारायची, "ह्यात बी?" तो मान खाली घालायचा. लोकांनी ढाली दिल्या, शाली दिल्या. त्या कपाटावर धूळ खात पडल्या. आपलं काम बरं की वाईट, हे ज्या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं ते माणूस स्वयंपाकघरात पाठमोरं बसून भाकऱ्या थापत होतं.

दोन हजार चारच्या सुमाराला कोल्हापूरचे चित्रपट थंडावले आणि मालिकांचे दिवस आले. अतुल नावाचा पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक शिवमूर्तीला शोधत गल्लीत आला. कोडोलीला एका मळ्यात चित्रीकरण होतं. मोठं एकत्र कुटुंब, त्यातला आजोबा, कडुनिंबाखाली बाज टाकून बसणारा आणि सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारा. सगळे त्याला आबा म्हणणार.

शिवमूर्तीनं सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "मरतोय कवा?"

अतुल हसला. "मालिकेत कुणी मरत नाही हो, आण्णा. मेलेलेसुद्धा परत येतात."

शिवमूर्ती धोतराचा सोगा सावरत स्वयंपाकघरात गेला. "मल्लव्वा, ह्यात मी जित्ता हाय."

मल्लव्वानं तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली. "शेवटपतोर?"

"शेवटपतोर."

"लिंगावर हात ठेवून सांगा."

त्यानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं. तिकडं भाकरी करपली.

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी मल्लव्वा नवी साडी नेसली आणि साडेसातला टीव्हीसमोर जाऊन बसली. जणू देवळात कीर्तनाला आली होती. शिवमूर्ती दारात उभा राहून तिच्याकडं बघत होता. पडद्यावर आबा आले, खोकले, आणि धाकट्या सुनेवर ओरडले. जाहिराती लागल्यावर मल्लव्वा म्हणाली, "रागावलासा ते खोटं हाय."

"का?"

"घरात रागावतासा तवा तुमचा आवाज बारीक हुतो. मोठा न्हाय हुत."

दुसऱ्या दिवशी कोडोलीला शिवमूर्ती आवाज बारीक करून रागावला. सगळा सेट चिडीचूप झाला. अतुलनं धावत येऊन त्याचे हात धरले. शिवमूर्तीनं ते कौतुक जसंच्या तसं घरी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं. ती म्हणाली, "मग? मला ठावं न्हाय व्हय तुमचं?"

पुढची दोन वर्षं म्हणजे त्यांच्या संसाराचा दिवाळसण होता. म्हातारपणी दोघांना एकमेकांशी बोलायला रोज एक विषय मिळाला. संध्याकाळी युनिटच्या गाडीतून उतरून, हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून तो तिच्या शेजारी बसायचा. ती पडद्यावरच्या नवऱ्याला नावं ठेवायची आणि खऱ्या नवऱ्याला चहा द्यायची. वरच्या मजल्यावरच्या बायडाबाई कधी कधी येऊन बसायच्या. बायडाबाई म्हणजे गल्लीतलं जुनं, दणदणीत खोड. बाळंतीण असो की मयत, त्या घरात पहिलं पाऊल त्यांचं. आबांचा निवाडा बघून त्या शिवमूर्तीला खरोखरच्या भांडणांत सल्ला विचारायला लागल्या, आणि शिवमूर्ती तो द्यायलाही लागला. जिवंत राहण्याचा शिवमूर्तीला चांगलाच सराव झाला होता.

मग एके दिवशी कोडोलीला जेवणाच्या सुट्टीत अतुल त्याला उसाच्या कडेला घेऊन गेला. बराच वेळ चपलेनं ढेकळं फोडत राहिला.

"आण्णा, चॅनेलचं म्हणणं आहे, घरात एखादा मृत्यू हवा. लोक कंटाळलेत. आबा गेले की सगळं घर पुन्हा एकत्र येईल."

शिवमूर्तीच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. "काशीला पाठवा की मला."

"आण्णा..."

"नायतर लकवा भरवा. पडून ऱ्हातो वर्सभर. बोलत बी न्हाय. न्हाय म्हणजे आबा घरात हाय एवढं दिसलं म्हंजे झालं."

अतुल भला माणूस होता. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलेल्या माणसासारखंच तो बोलून गेला, "आण्णा, तुमच्याइतकं सुंदर मरणारं दुसरं कोण आहे?"

आयुष्यभर ज्या कौतुकावर पोट भरलं तेच आता घशात हाडकासारखं अडकलं. त्या आठवड्यात आबा मेले. पण शिवमूर्ती काही केल्या मरेना. तिरडीवर पडला की पापणी थरथरायची. पुन्हा घ्या. नाकपुडी हलायची. पुन्हा घ्या. मेकअपवाला केरबा जुना माणूस, त्यानं कित्येक वेळा ह्या नाकात कापूस घातला होता. तो कानाशी वाकून म्हणाला, "आण्णा, काय झालंय? वैनी बऱ्या हाईत न्हवं?" शिवमूर्ती डोळे न उघडताच म्हणाला, "अजून बरी हाय." शेवटी ऊन कललं, सगळे दमले, तोही दमला, आणि दमलेल्या माणसाला झोप लागावी तसा मेला.

हे मरण दहा दिवसांनी दिसणार होतं. ह्या दहा दिवसांत शिवमूर्तीनं काय काय केलं ते सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तो बिचारा रडकुंडीला आला होता. आधी त्यानं त्या संध्याकाळी नेसरीला भावाकडं जायचा घाट घातला. मल्लव्वा म्हणाली, "गुडघं दुखत्यात, एसटीत चढवत न्हाय." मग टीव्ही दुरुस्तीला टाकायचं काढलं. ती म्हणाली, "चांगला चाललाय की." मग त्याची भिस्त राहिली भारनियमनावर. त्या काळात दिवे जायची वेळ देवाच्या आरतीपेक्षा नेमकी असायची, आणि त्या आठवड्यात ती बरोबर सातची होती. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वीज मंडळासाठी शंभोकडं प्रार्थना केली.

त्या संध्याकाळी सात वाजले, सव्वासात वाजले. दिवा लख्ख होता. मंडळाला कधी नव्हे ती माणुसकी त्याच दिवशी आठवावी, ह्याला नशीबच म्हणायचं.

मल्लव्वा येऊन बसली. शिवमूर्ती तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आज लावू नगंस."

"का?"

"मी मेलोय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आठ दिस झालं जाहिरात दावत्यात. तुमी भाईर असतासा तवा लागती."

शिवमूर्ती तिच्या शेजारी बसला. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगतासा का न्हाय, बघत हुतो."

"लिंगावर हात ठेवून सांगितलंतं मी तुला."

"सांगितलासा. ते शिवाचं आनी माझं मी बघून घेतो." तिनं पदर खांद्यावर नीट घेतला. "दोन वर्सं बघतोया. चालताना तुमचं काय, बोलताना तुमचं काय, आनी त्या आबाचं काय, मला सगळं कळतंय आता. तवा काय कळत नव्हतं. लावा."

त्यानं लावला. आणि इतक्या वर्षांनी बायको शेजारी बसून आपलं काम बघत असताना त्यानं पडद्याकडं एकदाही पाहिलं नाही. तो तिच्याकडं बघत राहिला. सुनांचा आक्रोश ऐकू येत होता, थोरला मुलगा हंबरडा फोडत होता. मल्लव्वा ओरडली नाही की उठून पळाली नाही. खालचा ओठ तिनं दातात धरला होता आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. पडद्यावर चिता पेटली असावी, कारण तिनं अंदाजानं हात पुढं करून त्याचं मनगट घट्ट धरलं.

शिवमूर्तीच्या छातीवर आजवर किती नट्या रडल्या होत्या! त्यांतली एकही अशी रडली नव्हती. हे असं असणार, त्याच्या मनात आलं. मी गेल्यावर ही अशीच बसणार, आणि तेव्हा हिला धरायला हे मनगट नसणार. मरण त्याच्या हातचा मळ होता, पण मागं राहणाऱ्याकडं त्यानं कधी डोळे उघडून बघितलंच नव्हतं. त्याला बायकोची इतकी माया आली, की तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं.

भाग संपला. मल्लव्वानं त्याचं मनगट सोडलं, उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅसच्या शेगडीपुढं पाटावर बसून राहिली. गॅस पेटवला नाही. परातीत पीठ घेतलं नाही. तो दारात उभा राहिला, पण काम कसं झालं हे विचारायचं धाडस त्याला होईना. आठ वाजून गेले, साडेआठ झाले. आता ही पुन्हा पाठ फिरवणार, असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात दार वाजलं. शिवमूर्तीनं उघडलं.

दारात बायडाबाई. डोक्यावरून पदर, डोळे रडून सुजलेले, आणि हातात फडक्यानं झाकलेली पाटी. शिवमूर्तीला समोर बघून त्यांनी "आई गं!" म्हणून एक पाऊल मागं घेतलं. मग स्वतःच्या कपाळावर चापट मारली.

"अगं बया! तुमी हाईसा की हितं!"

"मी कुठं जातोय?"

"न्हाय वो... मी आपली बघत हुतो, रडत हुतो, आनी हात चालायला लागलं बघा. मल्लव्वा आज चूल पेटवायची न्हाय, तिच्या पोटात कोण घालणार, असं मनात आलं आनी थापल्या भाकऱ्या. जिना उतरून आलो तरी ध्यानात न्हाय!" बायडाबाईंचा आवाज रडवेला झाला. "जित्त्या माणसाच्या दारात कडू घास आणला मी. शेण घाला माझ्या तोंडात."

फडक्याखालून पिठल्याचा वास आला आणि शिवमूर्तीच्या अंगावर काटा उभा राहिला. घरात मयत झालं की त्या दिवशी तिथं चूल पेटत नाही. शेजारणी पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना, त्यातही मागं राहिलेल्या बाईला, बळेबळे पहिला घास भरवतात. त्याला म्हणतात कडू घास. बायडाबाईंनी गल्लीत हा घास किती जणींना भरवला होता त्याची गणती नव्हती. त्यांच्या हातांना सवय होती, डोक्याला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. पण जिवंत नवऱ्याच्या घरात तो येणं म्हणजे भलताच अपशकुन. बायडाबाई पाटी घेऊन मागं वळल्या.

"थांब," आतून मल्लव्वा म्हणाली. ती दारापर्यंत आली होती. "आण हिकडं."

"अगं, पर..."

"चूल पेटवली न्हाय मी, खरंच. आणलंयास ते आता माघारी न्यायचं न्हाय."

तिनं पाटी हातातून घेतली. बायडाबाईंनी एकदा तिच्याकडं, एकदा शिवमूर्तीकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्यांदा रडत जिन्याकडं गेल्या.

मल्लव्वानं एकच ताट मांडलं. भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. ताटापुढं बसली आणि हात मांडीवर ठेवून राहिली.

"आपल्यात ह्ये नसतंय," शिवमूर्ती हळूच म्हणाला. "सुतक बी नसतंय आपल्यात."

"गल्लीत हाय. इतकी वर्सं ह्या गल्लीत काढली, गल्ली आपली न्हाय व्हय?" ती म्हणाली. "बसा. भरवा मला."

तो बसला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि उचलला. पिठलं तिच्या हनुवटीला लागलं. तिनं तोंड उघडून घास घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावला. शिवमूर्ती वाट बघत राहिला. मग इतक्या वर्षांचं साठलेलं त्याच्या तोंडून एकदाचं बाहेर पडलं.

"काम कसं झालं माझं?"

"बघवलं न्हाय," मल्लव्वा म्हणाली. "पर बघितलं. सगळं बघितलं."

त्यानं मान खाली घातली. टपटप पाणी ताटात पडायला लागलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"ऐका," ती म्हणाली. "फुडं कवा खरंच झालं, आनी मी मागं ऱ्हायलो, तर ह्या बायका येतील मला घास भरवाय. त्यास्नी सांगीन, माझं खाऊन झालंय. मालकानं सवताच्या हातानं भरवलंय मला."

शिवमूर्तीनं दुसरा तुकडा मोडला. मल्लव्वानं त्याचा हात धरून तो त्याच्याच तोंडाकडं वळवला, आणि तो जेवला.